मांजर आधी, माणसं मागून

ब्रुकलिनच्या ब्रायटन बीच भागात आम्ही तीन वर्षं भाड्याने राहिलो. समोरच्या दारात युक्रेनमधल्या ओदेसाहून आलेल्या एक आजी राहायच्या. आम्ही राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या खारवलेल्या काकड्यांची बरणी घेऊन आल्या. मी दार उघडलं, आतूनच हात पुढे केला, तशी त्यांनी बरणी झटकन मागे घेतली. माझा चेहरा पडला. त्यांनी नकारार्थी मान हलवली, सपाता बाहेर काढल्या, दोन्ही पाय आत टाकले आणि मगच बरणी माझ्या हातात दिली. ‘चेरेझ पोरोग न्येल्झ्या,’ असं काहीसं पुटपुटल्या. अर्थ त्यांच्या नातीने नंतर जिन्यात भेटल्यावर सांगितला: उंबऱ्यावरून द्यायचं-घ्यायचं नाही. तोवर अंदाज आलाच होता. आमची आजीही उंबऱ्यावर उभं राहून काही दिलं-घेतलं की अशीच हटकायची.

या आजी निवृत्त इंजिनिअर. सोव्हिएत शाळेत शिकलेल्या, देव-भूत काही न मानणाऱ्या, आणि जन्माने ज्यू. मग या रशियन खेड्यातल्या चालीरीती त्यांच्याकडे कुठून आल्या, आणि समुद्र ओलांडून न्यूयॉर्कच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कशा टिकल्या? कुठल्या टिकल्या आणि कुठल्या गळल्या, हे पाहत गेलं की कोडं बऱ्यापैकी सुटतं.

आधी वस्तीबद्दल. ब्रायटन बीच म्हणजे कोनी आयलंडला लागून असलेली समुद्रकाठची पट्टी. मुख्य रस्त्याच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवर लोकल धावते आणि खाली रशियन पाट्यांची दुकानं. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघाने ज्यूंना बाहेर जाण्याची परवानगी द्यायला सुरुवात केली. त्यातले बरेच ओदेसाचे, त्यामुळे या भागाला ‘लिटल ओदेसा’ नाव पडलं. १९९१ नंतर आणखी लोक आले, मध्य आशियातूनही आले. अमेरिकन लोक या सगळ्यांना सरसकट ‘रशियन’ म्हणत आले, कारण भाषा रशियन. प्रत्यक्षात कुणी युक्रेनचे, कुणी बेलारूसचे, कुणी उझबेकिस्तानचे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून तर ‘रशियन’ हा शब्द त्यांच्यातल्या अनेकांना नकोसा झाला आहे. पण पोरोग म्हणजे उंबरा या सगळ्यांचा एकच.

आता जुनं घर. रशियन शेतकऱ्याचं घर म्हणजे ओंडक्यांची इझ्बा. दार बुटकं, उंबरा उंच, थंडी अडवायला. आत शिरलं की एका कोपऱ्यात प्रचंड मोठी विटामातीची चूल. तिच्यावर स्वयंपाक, तिच्यातच पाव भाजायचा, हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि पोरं तिच्या माथ्यावर झोपायची. तिच्या बरोबर समोर, तिरक्या रेषेत, ‘क्रास्नी उगोल’, म्हणजे देवाच्या तसबिरींचा कोपरा. क्रास्नी म्हणजे आज लाल, पण जुना अर्थ ‘देखणा’. पाहुणा आत आला की आधी या कोपऱ्याला नमस्कार, मग घरच्यांना. घराची अशी दोन टोकं होती: एकीकडे चर्चचा देव, दुसरीकडे चुलीमागचा आजोबा.

हा आजोबा म्हणजे दोमोवोय. ‘दोम’ म्हणजे घर. आपल्या ‘दंपती’ शब्दातला ‘दम्’ हा त्याचाच दूरचा नातलग. दंपती म्हणजे मुळात घराचा धनी. दोमोवोयलाही खेड्यात धनीच म्हणत, नाहीतर ‘देदुश्का’, म्हणजे आजोबा. दाढीवाला, अंगावर केस असलेला बुटका म्हातारा, बऱ्याचदा घरमालकाच्याच तोंडवळ्याचा. तो देव नव्हे, आणि भूतही नव्हे. घरातल्या एखाद्या तिरसट पण जीव लावणाऱ्या वडीलधाऱ्याला जसं सांभाळून घ्यावं, तसं त्याला सांभाळायचं. रात्री थोडा पाव, लापशी किंवा दूध ठेवायचं. खूश असला तर गुरं पोसतो, घोड्याच्या आयाळीची वेणी घालतो. रुसला तर रात्री छातीवर बसतो. त्या वेळी धीर करून विचारायचं, ‘चांगल्यासाठी की वाईटासाठी?’ आणि उत्तर ऐकायचं.

गोठ्यातल्या जनावराचा रंगही त्याला पसंत पडावा लागे. नवी गाय रोडावली तर ती ‘अंगणाला मानवली नाही’ म्हणत. हा वाक्प्रचार रशियनमध्ये आजही चालतो, ऑफिसात नवा माणूस रुळला की नाही हे सांगायला. आपण म्हैस ‘लाभली’ म्हणतो, तसंच काहीसं. गोठा गेला, दोमोवोयचा गोठ्याशी संबंध गेला, पण बोलण्यात तो राहिला.

कीव्हच्या जुन्या रुस राज्याने ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी हा आजोबा चुलीमागून हलला नाही. अभ्यासक याला ‘द्वोयेव्हेरिये’ म्हणजे दुहेरी श्रद्धा म्हणतात. मला हा शब्द थोडा पुस्तकी वाटतो. खेड्यातल्या बाईच्या लेखी दोन धर्म नव्हतेच. तसबिरींना दिवा आणि आजोबाला दूध, दोन्ही एकाच घरातली कामं.

घर बदलताना खरी पंचाईत होई. दोमोवोय घराशी बांधलेला, पण कुटुंबाचाही. त्याला न बोलावता गेलात तर तो रिकाम्या घरात रडत बसतो, आणि नव्या घरात तुम्हाला वाली नाही. म्हणून घरातली सगळ्यात वयस्क बाई जुन्या चुलीतले निखारे मडक्यात भरून नव्या चुलीत नेऊन ओतायची आणि म्हणायची, ‘या आजोबा, आमच्या नव्या घरी या.’ काही ठिकाणी झाडाच्या सालीची जुनी चप्पल दोरीला बांधून ओढत न्यायची: ‘धनीबाबा, ही घ्या तुमची घसरगाडी, चला आमच्याबरोबर.’ कुणी बूट वापरायचं, कुणी घरचा जुना झाडू.

खेडी शहरात आली तेव्हा या रीतींची पहिली गाळणी झाली. १९५७ नंतर ख्रुश्चेव्हच्या काळात सिमेंटच्या पाच मजली चाळींसारख्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. त्यात गॅस होता, चूल नव्हती. तसबिरींचा कोपरा तर सरकारलाच नको होता. दोमोवोय फ्रिजमागे राहायला गेला. पुढे मुलांच्या कार्टूनमध्ये तो विस्कटल्या केसांचा लाडका बुटका झाला. याच इमारतींमध्ये ज्यू, युक्रेनियन, रशियन, तातार कुटुंबं भिंतीला भिंत लावून राहिली आणि उंबऱ्याच्या रीती सगळ्यांच्या झाल्या. आमच्या आजी ज्यू असून दोमोवोयला का ओळखतात, त्याचं उत्तर इथे आहे. त्यांनी त्या धर्म म्हणून घेतल्याच नव्हत्या, शेजार म्हणून घेतल्या होत्या.

दुसरी, जास्त बारीक गाळणी देश सोडताना झाली. १९७०च्या दशकात जाणाऱ्यांचं नागरिकत्व काढून घेतलं जाई, त्यामुळे परतीचा रस्ता बंद. घर सरकारजमा. सामान जेमतेम बॅगांपुरतं. आधी व्हिएन्ना, मग रोमजवळच्या लादिस्पोली गावात अमेरिकेच्या कागदपत्रांची महिनोन्‌महिने वाट. या प्रवासात निखाऱ्यांचं मडकं नेणार कसं? आजींच्या सासूबाईंनी १९७९ मध्ये निघताना एक जुनी सपाता वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकली होती. एकच, जोडीची नाही. तपासणीत तिचा तळ उसवून पाहिला गेला, आत सोनं लपवलंय की काय म्हणून. ‘आत आजोबा आहेत असं सांगायची सोय नव्हती,’ हे आजी फार गंभीर चेहऱ्याने सांगायच्या आणि मग हसायच्या.

म्हणून मी म्हणतो, परदेशी गेलेल्या रीतींचा हिशेब श्रद्धेने लागत नाही, सामानाने लागतो. ज्या रीतीला चूल, गोठा, घोडा, विहीर लागत होती ती मागे राहिली. जिला फक्त एक दार, एक खुर्ची आणि माणसाचं अंग पुरतं, ती विमानात बसून आली.

उंबऱ्याचंच घ्या. उंबरा म्हणजे आत आणि बाहेर यांची शीव. आतलं घर आजोबाच्या ताब्यातलं, बाहेरचं कुणाचंही. शिवेवर केलेला व्यवहार ना धड घरातला ना बाहेरचा, म्हणून भांडणाचा. उंबऱ्याखाली पूर्वज असतात अशीही जुनी समजूत होती. त्यामुळे उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, बोलत उभं राहायचं नाही. ब्रुकलिनच्या फ्लॅटला उंबरा म्हणजे पितळी रंगाची, जेमतेम बोटभर उंचीची पट्टी. तरी पिझ्झा घेऊन आलेल्या पोराला आजी आधी आत ओढायच्या आणि मगच पैसे द्यायच्या. पोरगं बिचारं घाबरायचं.

मांजराचा विधी मी डोळ्यांनी पाहिला. आजींच्या नातीने त्याच गल्लीत फ्लॅट घेतला. नव्या घरात जो पहिला पाऊल टाकेल तो पहिला मरेल, अशी जुनी भीती. म्हणून खेड्यात आधी कोंबडा किंवा मांजर सोडायचे, एक रात्र ठेवायचे आणि मग माणसं जायची. शिवाय मांजर दोमोवोयचं आवडतं. नातीकडे मांजर नव्हतं, म्हणून मैत्रिणीचं मागून आणलं, जाळीच्या पेटीत. दार उघडलं, पेटी पट्टीच्या अलीकडे ठेवली, झाकण काढलं. मांजर बाहेर येईना. मागे पॅसेजमध्ये सोफा धरून दोन हमाल उभे, त्यांचा दर तासावर. आजींनी सॉसेजचा तुकडा आत टाकला. मांजराने वास घेतला आणि पुन्हा मागे सरकलं. पंधरा मिनिटं गेली. शेवटी नातीने पेटीच तिरकी केली आणि मांजर घरंगळत आत पडलं. ‘हे चालतं का?’ तिने विचारलं. आजी म्हणाल्या, ‘पाय आत पडले ना? चालतं.’

ही पद्धत रशियातही इतकी जिवंत आहे की २०१४ मध्ये तिथल्या स्बेरबँकेने गृहकर्ज घेणाऱ्या काही ग्राहकांना गृहप्रवेशापुरतं मांजर उसनं द्यायची जाहिरात केली होती. थोडा वेळ घरात सोडायचं, फोटो काढायचे, परत द्यायचं.

गृहप्रवेशाला रशियनमध्ये ‘नोवोसेल्ये’ म्हणतात. त्या दिवशी नातीच्या रिकाम्या ओट्यावर सगळ्यात आधी आले पाव आणि मीठ. खेड्यात यासाठी कारावाय नावाचा गोल नक्षीदार पाव करत आणि मधोमध मिठाची वाटी ठेवत. इथे कोपऱ्यावरच्या दुकानातला काळा राईचा पाव होता, वरून धने लावलेला. पाव आणि मीठ, ख्लेब-सोल, हे आतिथ्याचं इतकं पक्कं चिन्ह आहे की पाहुणचार करणाऱ्या माणसाला रशियनमध्ये ‘पावमीठवाला’ अशाच अर्थाचं विशेषण आहे. पाव म्हणजे पोट भरो. मीठ एकेकाळी महाग, म्हणून ते म्हणजे बरकत, शिवाय वाईटाला दूर ठेवणारं. मीठ सांडलं तर मात्र भांडण ठरलेलं. अशा घरी फुलं नेणार असाल तर विषम संख्येने न्या. सम संख्येची फुलं फक्त मयताला. आम्ही पहिल्यांदा डझनभर गुलाब नेले होते. आजींनी हसत एक काढून शेजारणीला दिला.

पाव-मीठ किती चिवट आहे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रुकलिनमध्ये नाही, कॅनडात आहे. दुखोबोर नावाचा एक पंथ. त्यांनी चर्च नाकारलं, पुरोहित नाकारले, तसबिरी नाकारल्या, शेवटी शस्त्रंही जाळली. झारने छळ मांडला. टॉलस्टॉयने आपल्या एका कादंबरीचं मानधन त्यांच्या प्रवासासाठी दिलं आणि १८९९ मध्ये ७,००० हून अधिक दुखोबोर जहाजांनी कॅनडात आले. आधी सस्कॅचेवानच्या माळरानावर, मग बरेचसे ब्रिटिश कोलंबियात. ज्यांनी इतकं सगळं टाकलं, त्यांच्या प्रार्थनाघरातल्या टेबलावर आजही तीनच वस्तू असतात: पाव, मीठ आणि पाणी. तसबिरी नसलेल्या घरात त्यांची जागा पावाने घेतली म्हणा ना.

अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातले ‘जुन्या श्रद्धेचे’ लोक याच्या बरोबर उलट. त्यांनी काहीच टाकलं नाही. १६५३ पासून रशियन चर्चचा प्रमुख निकोन याने चर्चच्या विधींत बदल केले. अंगावर क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, इथपर्यंत वाद गेला. ज्यांनी बदल मानले नाहीत ते पळत राहिले. काही सायबेरिया, मग चीन, तिथून हाँगकाँगमार्गे ब्राझील, आणि १९६०च्या दशकात ऑरेगॉनमधलं वुडबर्न. १९६८ मध्ये काही जण अलास्कात गेले आणि निकोलायेव्स्क हे गाव वसवलं. इतके देश बदलूनही त्यांच्या घरात तसबिरींचा कोपरा आहे. बाहेरच्या माणसासाठी वेगळी ताटवाटी आहे. (हे वाचून आपल्याकडचे सोवळं-ओवळं आठवल्याशिवाय राहत नाही, त्यातल्या कटू बाजूसकट.) पाण्याचं भांडं उघडं ठेवत नाहीत, सैतान शिरतो म्हणून. आणि परसात बान्या, म्हणजे वाफेचं न्हाणीघर. बान्यात तसबीर लावत नाहीत. जुन्या खेड्यात तर गळ्यातला क्रूसही काढून आत जात, कारण ती जागा देवाची नाही, ‘बान्निक’ नावाच्या तापट न्हाणीभुताची.

हे त्यांना जमलं आणि ब्रायटन बीचवाल्यांना नाही, याचं श्रेय मी नुसत्या कर्मठपणाला देणार नाही. यांनी शेतं घेतली, स्वतःची घरं बांधली. ज्याला परस आहे तो बान्या बांधतो. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूने बान्निकला ठेवायचं कुठे? बाथटबमध्ये?

भाडेकरूच्या रीती वेगळ्याच होतात. ब्रायटन बीचच्या दारांवर उजव्या चौकटीला एक बारीक तिरकी डबी दिसते. ती मेझुझा, ज्यूंची; आत चर्मपत्रावर लिहिलेला धर्मग्रंथातला उतारा. सोव्हिएत काळात ज्यांच्या घराला ती नव्हती त्यांनी अमेरिकेत येऊन लावली. म्हणजे चौकटीला मेझुझा, पट्टीवरून व्यवहार बंद आणि फ्रिजमागे चॉकलेट. होय, चॉकलेट. ‘मी इंजिनिअर आहे, मी असलं काही मानत नाही,’ असं म्हणत आजी दर महिन्याला फ्रिजमागे एक ठेवायच्या. चष्मा हरवला की खुर्चीच्या पायाला रुमाल बांधून म्हणायच्या, ‘दोमोवोय, दोमोवोय, खेळ आणि परत दे.’ चष्मा सापडायचा. बहुतेक वेळा डोक्यावरच असायचा.

काही ठिकाणी दोन परंपरा आपोआप एकत्र आल्या. घरात कुणी गेलं की आरसे झाकायचे, हे स्लाव्ह खेड्यातही आणि ज्यू सुतकातही. आजींचे यजमान वारले तेव्हा त्यांनी आरशांवर चादरी टाकल्या. त्या कोणत्या धर्माच्या म्हणून टाकल्या, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बाकीच्या रीती पटापट सांगतो. घरात शिट्टी वाजवली की पैसा उडून जातो. संध्याकाळनंतर कचरा बाहेर टाकायचा नाही (आपल्याकडे दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत, ते आठवा). रिकामी बाटली टेबलावर ठेवायची नाही. बिनलग्नाच्या माणसाने टेबलाच्या कोपऱ्याशी बसायचं नाही. चाकू किंवा मांजर भेट मिळालं तर देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते. मी नाणं दिलं नव्हतं, त्याची बोलणी तीन वर्षं खाल्ली.

आणि हे सगळं ऐकायला ब्रुकलिनला जायला हवंच असं नाही. गोव्यात मोरजी, मांद्रे, हरमल इथे दर हिवाळ्यात रशियन मुक्कामी येतात. मोरजीला ‘लिटल रशिया’ म्हणतात ते उगाच नाही. खोली भाड्याने देणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: पाहुण्याने दारातून पैसे घ्यायला किंवा हात मिळवायला टाळलं तर तो तुसडा आहे असं समजू नका. एक पाऊल आत टाका, नाहीतर त्याला बाहेर बोलवा. सामान बांधून, टॅक्सी दारात उभी असताना सगळे एकदम गप्प बसले, तर काही बिनसलंय असंही समजू नका.

ते बसणं म्हणजे प्रवासाआधीची बैठक. निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी, जाणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनीही, मिनिटभर मुकाट बसायचं. कुणी म्हणतं, घरच्या आत्म्याला वाटावं की कुणी जातच नाही. कुणी म्हणतं, काय विसरलं ते आठवायला. दोन्ही कारणं मला पटतात.

आम्ही ब्रुकलिन सोडलं त्या सकाळी आजी आल्या, दोन्ही पाय आत टाकून. फर्निचर विकून झालं होतं. मी बॅगेवर बसलो, बायको खिडकीच्या कट्ट्यावर, मुलगी जमिनीवर. आजींना आम्ही रंगाचा उलटा डबा दिला. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मिनिटभराने आजी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, ‘नू, स बोगोम.’ चला, देवाचं नाव घेऊन.

खाली गेल्यावर लक्षात आलं की चार्जर वरच राहिला. मी पळत वर गेलो. आजी अजून पॅसेजमध्येच होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला. विसरलेलं आणायला परत फिरणं अशुभ. उतारा एकच, निघताना आरशात पाहायचं. आरसा आम्ही आदल्या दिवशीच विकला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातातला फोन घेतला, कॅमेरा उलटा करून माझ्या तोंडासमोर धरला आणि मला जीभ बाहेर काढायला लावली.